नकाशाची लिंक चार महिने उघडी राहिली, आता काय करायचं?

प्रश्न: आमचा 25 जणांचा गट एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या घरी आठवड्यातून दोनदा जाऊन येतो. औषधं पोचवतो, चौकशी करतो. एकूण 63 घरं आहेत. नवीन सदस्यांना घर सापडावं म्हणून मी गूगल माय मॅप्सवर नकाशा तयार केला. प्रत्येक खुणेवर नाव, फोन नंबर, चालू औषधं आणि काही ठिकाणी जादा चावी कुठे ठेवलेली असते तेही लिहिलं. लिंक आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. चार महिने सगळं सुरळीत चाललं. गेल्या आठवड्यात एका आजींना अनोळखी माणसाचा फोन आला आणि त्याला त्यांच्या औषधांची नावं माहीत होती. मग चौकशी केली तेव्हा कळलं, की गट सोडून गेलेल्या एका सदस्याच्या फोनवर नकाशा अजून उघडतो. मी घाबरून लिंक बंद केली आणि सगळ्यांचे ई-मेल एकेक करून टाकले, तरी सहा जणांना नकाशा उघडेना. काम अडायला लागलं म्हणून पुन्हा लिंक चालू केली. नकाशा फक्त आमच्या माणसांनाच दिसावा यासाठी नेमकं काय करू?

उत्तर: नकाशाला हात लावण्याआधी चाव्या हलवा. ज्या घरांच्या खुणेवर चावीची जागा लिहिली आहे त्या घरांची यादी आत्ता काढा. आज-उद्यात प्रत्येक घरी नेहमीचं ओळखीचं माणूस पाठवून चावी दुसरीकडे ठेवायला लावा, आणि नवी जागा कुठेही लिहू नका. 63 घरच्या आजी-आजोबांना स्पष्ट सांगा की त्यांचा नंबर आणि औषधांची माहिती बाहेर गेलेली असू शकते. गटाचं नाव घेऊन कुणी फोन केला, तर काही न सांगता फोन ठेवायचा आणि नेहमी येणाऱ्या सदस्याला कळवायचं. हे सांगायला जीवावर येईल, पण त्यांना ते तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

तो फोन तुमच्या नकाशावरूनच आला असं ठामपणे म्हणता येणार नाही. औषधांची नावं इतरही वाटांनी कळतात. तरी नकाशा बाहेर गेला असंच धरून चाला, कारण माय मॅप्सवर ज्याला नकाशा दिसतो त्याला तो उतरवूनही घेता येतो. पाहणाऱ्याच्या पानावर नकाशाच्या नावाशेजारी तीन ठिपके असतात. त्यात 'डाउनलोड केएमएल' आणि 'कॉपी मॅप' असे पर्याय मिळतात. केएमएल ही साध्या मजकुराची फाइल आहे. प्रत्येक खुणेचे अक्षांश-रेखांश आणि खुणेवर लिहिलेलं सगळं त्यात जसंच्या तसं येतं. 'कॉपी मॅप' केलं की त्या माणसाच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये वेगळा नकाशा तयार होतो आणि त्यावर तुमचं काहीच चालत नाही. शिवाय नकाशा कोणी पाहिला, कोणी उतरवला, याची यादी माय मॅप्स मालकाला देत नाही. चार महिन्यांत एकाने पाहिला की पन्नास जणांनी, हे शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मुळात काय झालं ते पाहू. तुमचा नकाशा 'एनीवन विथ धिस लिंक कॅन व्ह्यू' या सेटिंगवर होता, आणि आत्ता पुन्हा आहे. या सेटिंगमध्ये समोरचा कोण, हे विचारलंच जात नाही. गूगल खातं नसलेल्या माणसालाही नकाशा दिसतो. तुमच्या मनात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची सदस्यसंख्या आणि नकाशा पाहणाऱ्यांची संख्या एकच होती, पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नाही. ग्रुपमधून माणूस काढला तरी जुने मेसेज त्याच्या फोनमध्ये राहतात, आणि लिंक पुढे पाठवायला एक बोट पुरतं. लिंकच्या पत्त्यात 'एमआयडी' आणि बरोबरचं चिन्ह (=) यांच्यापुढे अक्षरांची जी लांबलचक माळ दिसते, ती त्या नकाशाची कायमची ओळख असते. शेअरिंग बंद केल्याने ती बदलत नाही. त्यामुळे तुम्ही बंद करून पुन्हा चालू केलंत, तेव्हा जिथे जिथे जुनी लिंक पडली होती तिथे तिथे ती पुन्हा जिवंत झाली.

म्हणून हाच नकाशा दुरुस्त करत बसू नका. तो बंद करून नवा करा. एमआयडी बदलण्याचा खात्रीचा मार्ग तोच आहे, आणि नव्याने करताना आत काय लिहायचं याचाही नीट विचार होतो.

हे काम संगणकावर करा. माय मॅप्सचं अँड्रॉइड अ‍ॅप 2021 मध्ये बंद झालं. फोनवरच्या गूगल मॅप्स अ‍ॅपमध्ये असे नकाशे बघता येतात, पण परवानग्यांचं काम तिथे होत नाही. संगणकावर माय मॅप्स उघडा, जुन्या नकाशात 'शेअर' दाबा. समोर तीन कळा दिसतील. पहिली लिंक असणाऱ्या कोणालाही नकाशा दाखवणारी, दुसरी इंटरनेटवर शोधून नकाशा सापडू देणारी, तिसरी पाहणाऱ्यांना तुमचं नाव दाखवणारी. तिन्ही बंद करा. दुसरी कळ आधी चालू होती का, ते बंद करण्याआधी आठवणीने बघून ठेवा. ती चालू असेल तर लिंक हातात नसलेल्या माणसालाही नकाशा शोधातून सापडू शकत होता, आणि मग फक्त माजी सदस्यांपुरता विचार करून भागणार नाही.

मग तिथूनच 'शेअर इन ड्राइव्ह'वर जा. माय मॅप्सचा नकाशा प्रत्यक्षात तुमच्या गूगल ड्राइव्हमधली एक फाइल असतो आणि खरी यादी तिथे असते. 'जनरल अ‍ॅक्सेस'समोर 'रिस्ट्रिक्टेड' दिसलं पाहिजे. वरच्या यादीत तुमच्याशिवाय जी नावं असतील, त्यातल्या प्रत्येकासमोरचा बाण दाबून 'रिमूव्ह अ‍ॅक्सेस' करा.

यानंतर एक जागा बघायची राहते आणि ती हमखास विसरली जाते, ती म्हणजे नकाशा ड्राइव्हमध्ये ज्या फोल्डरमध्ये पडला आहे ते फोल्डर. ते फोल्डर पूर्वी कधी कोणाशी शेअर केलेलं असेल, तर त्या सगळ्यांना आतला नकाशा आपोआप दिसतो. नकाशाची स्वतंत्र लिंक तुम्ही कोणालाही दिलेली नसली तरी दिसतो. गटाचे हिशोब, फोटो आणि नकाशा एकाच फोल्डरमध्ये ठेवण्याची सवय असेल, तर इथेच पाणी मुरतं. नकाशासाठी वेगळं फोल्डर करा आणि ते कोणाशीही शेअर करू नका.

जुना नकाशा काढून टाकतानाही क्रम महत्त्वाचा आहे. नुसता 'डिलीट' केला तर तो ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये जातो आणि 30 दिवस तिथे राहतो. या काळात ज्यांना परवानगी आहे त्यांना तो उघडता येतो. म्हणून आधी परवानग्या काढायच्या, मग ट्रॅशमध्ये टाकायचा, मग ट्रॅशमध्ये जाऊन 'डिलीट फॉरएव्हर' करायचं. त्याआधी एकदा केएमएल उतरवून स्वतःकडे ठेवा, नवा नकाशा करताना खुणांच्या जागा पुन्हा शोधाव्या लागणार नाहीत. नवा नकाशा तयार झाला की तीही फाइल पुसा.

आता नव्या नकाशात काय असावं. याकडे शेअरिंगपेक्षाही जास्त लक्ष द्या. कारण तुमचे 25 जण पूर्ण विश्वासाचे असले तरी माय मॅप्सच्या नकाशाला नेट लागतं, आणि जिथे रेंज नसते तिथे जाण्याआधी कोणीतरी स्क्रीनशॉट काढणारच. तो फोटो गॅलरीत जाणार, तिथून बॅकअपमध्ये जाणार, घरातल्या इतरांना दिसणार. यात कोणाचा वाईट हेतू नसतो, आणि कुठलंही सेटिंग हे थांबवू शकत नाही. तेव्हा नकाशाचा स्क्रीनशॉट परक्याच्या हातात पडला तरी त्यातून त्याला काही कळू नये, या हिशोबाने मजकूर लिहा.

घर शोधायला सदस्याला काय लागतं? जागा, आणि दारापर्यंत पोचण्याची सूचना. नाव, नंबर आणि औषधं लागतात ती घरी पोचण्याआधी किंवा पोचल्यावर, आणि ती दुसरीकडे ठेवता येतात. प्रत्येक घराला एक सांकेतिक क्रमांक द्या. नकाशाच्या तक्त्यात चारच रकाने ठेवा: क्रमांक, अक्षांश, रेखांश, सूचना. एक ओळ अशी दिसेल: 'ब-07', दोन आकडे, आणि 'मागच्या जिन्याने दुसरा मजला, घंटा बंद आहे, दार वाजवा'. 'एकट्या राहतात', 'ऐकू कमी येतं', 'दुपारी झोपलेल्या असतात' अशी वाक्यं सूचनेत लिहू नका. मदतीच्या भावनेनेच ती लिहिली जातात, पण चोराला हवं तेच त्यात असतं. ऐकू कमी येतं म्हणून दार जोरात वाजवायला हवं असेल तर 'दार जोरात वाजवा' एवढंच पुरे.

हा तक्ता सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून किंवा गूगल शीटमधून माय मॅप्सच्या लेयरमध्ये, म्हणजे नकाशाच्या एका थरात, 'इम्पोर्ट' करता येतो. जागा कोणत्या रकान्यांवरून ठरवायची असं विचारेल तेव्हा अक्षांश-रेखांश निवडा आणि खुणेचं शीर्षक म्हणून क्रमांक निवडा. पत्त्याचा रकाना देऊनही खुणा पडतात, पण मग पूर्ण पत्ता नकाशात राहतो, शिवाय पत्त्यावरून पडलेली खूण कधीकधी शेजारच्याच इमारतीवर जाऊन बसते. इम्पोर्ट करण्याआधी नको असलेले रकाने शीटमधून पुसून टाका. 'नकाशात गेले तरी चालतील, मी ते लपवीन' असं करू नका. माहितीच्या चौकटीत कोणते रकाने दिसावेत हे निवडता येतं खरं, पण तो फक्त दाखवण्याचा प्रश्न आहे. माहिती नकाशाच्या आत तशीच राहते.

लेयरबद्दलही असाच एक गैरसमज आहे. एका नकाशात 10 लेयर करता येतात, म्हणून बरेच जण 'खासगी' नावाचा लेयर करून त्याच्यासमोरची टिक काढून ठेवतात. पाहणारा ती टिक पुन्हा लावू शकतो. माय मॅप्समध्ये परवानगी संपूर्ण नकाशाला असते, एकेका लेयरला वेगळी देता येत नाही. ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या लोकांना दाखवायच्या आहेत त्यांचे दोन वेगळे नकाशेच करावे लागतात.

तुमच्या बाबतीत तर चार-पाच नकाशे करा. प्रत्येक सदस्य काही 63 च्या 63 घरांत जात नाही. भागांप्रमाणे 12 ते 16 घरांचा एकेक नकाशा करा आणि त्या भागात जाणाऱ्या सहा-सात जणांनाच तो द्या. संपूर्ण नकाशा फक्त तुमच्याकडे आणि आणखी एका समन्वयकाकडे राहू द्या. नाव-नंबर-औषधांची यादीही भागाप्रमाणे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, तीही नावानिशी परवानगी देऊन. एकाच शीटमध्ये वेगवेगळी पानं करून ती लपवणं पुरेसं नाही. शीटची प्रत काढणाऱ्याला लपवलेली पानंही उघडता येतात.

यात थोडी जास्त मेहनत आहे हे मान्य. शीटमध्ये बदल केला की नकाशा आपोआप बदलत नाही. लेयरच्या तीन ठिपक्यांत 'रीइम्पोर्ट अँड मर्ज' करून तो ताजा करावा लागतो. महिन्यातून एक दिवस ठरवून केलंत तर अर्ध्या तासाचं काम आहे.

अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांबद्दल थोडं. दशांश चिन्हापुढे पाच आकडे असतील तर जागा साधारण एका मीटरपर्यंत ठरते, चार असतील तर सुमारे 11 मीटर, तीन असतील तर 110 मीटर, दोनच ठेवले तर एक किलोमीटरहून थोडं जास्त. सदस्यांच्या नकाशाला पाच लागतील. पण तुमचं काम किती पसरलं आहे हे देणगीदारांना किंवा जाहीरपणे दाखवायचं असेल, तर त्याच नकाशाची लिंक कधीही देऊ नका. वेगळा नकाशा करा, दोन आकड्यांपर्यंत गोल केलेल्या खुणा टाका, किंवा खुणा न टाकता नुसता भाग रंगवा. वेबसाइटवर माय मॅप्सचा नकाशा जोडायचा झाला तर तो लिंक असणाऱ्या सगळ्यांसाठी उघडाच ठेवावा लागतो, हेही ध्यानात असू द्या. दुर्मिळ पक्षी-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न कधीच ओळखला आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या प्रजातीची नोंद केली की तिची खूण 0.2 गुणिले 0.2 अंशांच्या चौकटीत कुठेतरी हलवून दाखवली जाते, म्हणजे उत्तर-दक्षिण 22 किलोमीटरच्या पट्ट्यात. घरट्याला जी काळजी, ती माणसाच्या घरालाही घ्या.

आता त्या सहा जणांकडे येऊ. नावानिशी परवानगी दिल्यावर इथेच घोडं पेंड खातं, आणि मग वैतागून सगळे पुन्हा उघड्या लिंककडे वळतात. कारणं ठरलेली आहेत.

सगळ्यात जास्त वेळा आढळणारं कारण म्हणजे एकाच फोनमध्ये दोन-तीन गूगल खाती असणं. तुम्ही परवानगी एका पत्त्याला दिलेली असते आणि व्हॉट्सअ‍ॅपमधली लिंक दाबल्यावर ब्राउझर किंवा मॅप्स अ‍ॅप उघडतं ते दुसऱ्याच खात्याने, बहुतेक वेळा ऑफिसच्या नाहीतर मुलाने कधीतरी जोडून दिलेल्या. समोर 'परवानगी हवी' असं पान येतं. त्या पानावर किंवा कोपऱ्यातल्या गोल चित्रावर कोणतं खातं चालू आहे ते बघायला सांगा. तिथेच खातं बदललं की नकाशा उघडतो. गूगल मॅप्स अ‍ॅपमध्येही उजवीकडे वरच्या गोल चित्रावर दाबून खातं बदलता येतं.

दुसरं कारण म्हणजे दिलेल्या ई-मेलवर गूगल खातंच नसणं. मर्यादित नकाशा बघायला गूगल खात्याने आत यावंच लागतं. त्यासाठी नवा जीमेल काढायची गरज नाही. खातं उघडताना 'माझा सध्याचा ई-मेल वापरा' असा पर्याय असतो, तो घेऊन त्याच पत्त्याचं गूगल खातं करता येतं.

तिसरं, टायपिंगची चूक. जीमेलच्या पत्त्यात टिंब कुठे आहे याने फरक पडत नाही, पण एक अक्षर किंवा आकडा चुकला तर पडतो, आणि तो चुकीचा पत्ता कोणा भलत्याच माणसाचा असू शकतो. म्हणून पत्ते तोंडी ऐकून टाकू नका. प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या खात्यातून तुम्हाला एक रिकामा ई-मेल पाठवायला सांगा आणि तिथूनच पत्ता उचला. या एका युक्तीने पहिलं कारणही बरंचसं मिटतं, कारण माणूस ज्या खात्यातून मेल पाठवतो तेच त्याच्या फोनवर चालू असतं.

चौथं, नोकरीच्या किंवा कॉलेजच्या ठिकाणचं खातं. अशा संस्थांचे व्यवस्थापक माय मॅप्सची सेवा संपूर्णच बंद ठेवू शकतात. तुम्ही इथून काहीही केलं तरी त्या खात्यावर नकाशा उघडणार नाही. खासगी खातं मागा.

नकाशा न उघडणारा माणूस 'रिक्वेस्ट अ‍ॅक्सेस' दाबतो आणि तुम्हाला मेल येतो. तो मेल आल्या आल्या 'मान्य' करण्याचा मोह आवरा. गूगल खात्यावर नाव काहीही ठेवता येतं. तुमच्या सदस्याच्या नावाने कोणीही विनंती पाठवू शकतं. पत्ता तुमच्या यादीशी जुळवा, जुळत नसेल तर त्या सदस्याला फोन करून विचारा.

परवानगी देताना भूमिका 'व्ह्यूअर'च ठेवा. 'एडिटर' दोघांपेक्षा जास्त नकोत. एडिटर खुणा बदलू शकतो इतकंच नव्हे, मूळ सेटिंग तसंच ठेवलं तर तो आणखी लोकांना आतही घेऊ शकतो. ड्राइव्हच्या शेअर चौकटीत वर दातेरी चक्राचं चिन्ह आहे, तिथे एडिटरांना परवानग्या बदलू देणारी टिक काढून टाका.

25 नावं चार-पाच नकाशांत आणि तितक्याच याद्यांत सांभाळायची तर नाकीनऊ येतील. त्यासाठी गूगल ग्रुप्स वापरा. प्रत्येक भागाचा एक गट करा आणि नकाशा व यादी त्या गटाच्या ई-मेल पत्त्याशी शेअर करा. पुढे माणूस आला-गेला की फक्त गटातून नाव घालायचं किंवा काढायचं, नकाशा आणि यादी दोन्हींची परवानगी त्याबरोबर जाते. मात्र गट करतानाच 'कोण सामील होऊ शकतं' यासमोर फक्त निमंत्रित हा पर्याय निवडा. ते 'कोणीही' असं राहिलं, तर नकाशाचं दार बंद आणि शेजारची खिडकी उघडी, अशी गत होते.

सगळ्यांसाठी एकच सामाईक जीमेल काढून त्याचा पासवर्ड वाटायचा, हा सोपा वाटणारा उपाय करू नका. एक जण गट सोडून गेला की पासवर्ड बदलून 24 जणांना नव्याने द्यावा लागतो, आणि त्याच खात्यातून कोणीही, चुकूनसुद्धा, नकाशा पुन्हा सगळ्यांना उघडा करू शकतो. तुमच्या स्वतःच्या, म्हणजे मालकाच्या खात्याला मात्र आजच दुहेरी पडताळणी लावा. सगळ्या नकाशांची मालकी त्या एका खात्याकडे आहे.

गूगलबाहेरचं काही वापरावं का, असं मनात आलं असेल तर थोडक्यात सांगतो. गूगल मॅप्समधल्या 'सेव्ह' केलेल्या याद्या यासाठी उपयोगाच्या नाहीत, कारण शेअर केलेली यादी लिंक असणाऱ्या कोणालाही दिसते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणाऱ्या यूमॅपमध्ये नकाशा फक्त संपादकांपुरता ठेवता येतो, पण नुसतं पाहणाऱ्यांची नावानिशी यादी हवी असेल तर त्यांना संपादकच करावं लागतं. शिवाय खातं न उघडता तिथे नकाशा केला, तर बदल करण्याची गुप्त लिंक ज्याच्या हाती लागेल तो नकाशा बदलू शकतो. आर्कजीआयएस ऑनलाइन ही व्यावसायिक नकाशा-सेवा तुमच्या कामाला अगदी योग्य आहे, गटाप्रमाणे परवानग्या देता येतात. मात्र तिथे नकाशा आणि त्यातला माहितीचा थर यांच्या परवानग्या वेगवेगळ्या असतात. नकाशा खासगी आणि थर सगळ्यांसाठी उघडा राहिला, तर थराचा पत्ता माहीत असलेल्याला नकाशाशिवायच सगळी माहिती मिळते. 63 घरांसाठी एवढा पसारा मांडायची गरज नाही. माय मॅप्स नीट लावलंत तर पुरेल.

सगळं झालं की तपासून बघा. ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा, कुठल्याही खात्याने आत जाऊ नका, आणि नव्या नकाशाची लिंक टाका. गूगलने आत यायला सांगितलं पाहिजे. नकाशा दिसला तर कुठेतरी कळ चालू राहिली आहे. मग यादीत नसलेल्या एखाद्या नातेवाइकाच्या खात्याने उघडून बघा, 'परवानगी हवी' असंच पान आलं पाहिजे. जुनी लिंकही त्याच विंडोत टाकून ती मेली आहे याची खात्री करा. ही तपासणी नकाशा ताजा करण्याच्या दिवशीच दर महिन्याला करा, आणि कोणी गट सोडला तर महिन्याची वाट न पाहता त्याच दिवशी गूगल गटातून नाव काढा.

सदस्यांना पाठवायचा मेसेज खाली देत आहोत. जसाच्या तसा वापरलात तरी चालेल.

'जुना नकाशा बंद केला आहे, त्याची लिंक आता चालणार नाही. कोणी केएमएल उतरवली असेल, नकाशाची कॉपी केली असेल किंवा स्क्रीनशॉट काढले असतील तर कृपया पुसा आणि मला तसं कळवा. तुमच्या फोनवर नेहमी चालू असलेल्या गूगल खात्यातून मला आज एक रिकामा ई-मेल पाठवा. तुमच्या भागाचा नवा नकाशा त्याच खात्यावर मिळेल. उघडला नाही तर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर दाबून खातं तेच आहे ना ते बघा, तरीही जमलं नाही तर मला फोन करा. घरातल्या व्यक्तीचं नाव आणि औषधं वेगळ्या यादीत आहेत, क्रमांक जुळवून बघा. चाव्यांच्या जागा बदलल्या आहेत. त्या कुठेही लिहायच्या नाहीत, ग्रुपवरसुद्धा नाहीत.'